पोच

बँकेत चाकरी करणाऱ्या माणसाचा देवावर विश्वास असो वा नसो, पोचपावतीवर असावाच लागतो. जावक नोंदवहीत चढल्याशिवाय आमच्या शाखेतून कागद बाहेर पडत नाही आणि पोच आल्याशिवाय तो पोचला असे कोणी मानत नाही. माझा बदलीचा अर्ज गेली सहा वर्षे पोचलेला नाही, कारण त्याची पोच नाही. अर्ज मी स्वतः नेऊन दिला होता आणि नंतर तो साहेबांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पाहिलाही होता, ही गोष्ट वेगळी. पाहणे वेगळे, पोच वेगळी.

हाच शब्द घरी निराळ्या अर्थाने वापरतात. “तुम्हाला काही पोच आहे का?” हा प्रश्न आमच्या सौभाग्यवती मला महिन्यातून सरासरी चार वेळा विचारतात. (मी कॉमर्सचा पदवीधर आहे. सरासरी काढता येते, प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.) लग्नाला वीस वर्षे झाली तरी हे उत्तर मला सापडले नव्हते. ते सापडले अमेरिकेतल्या शिकागो शहरात, एका तळघरात. मी तिथे गेलेलो नाही. बँकेच्या खर्चाने मी लोणावळ्यापलीकडे कधी गेलो नाही आणि स्वतःच्या खर्चाने तर खोपोलीही पुष्कळ झाली. पण आमच्या मंडळाच्या आठ पानी नियतकालिकाने मला त्या तळघरापर्यंत नेले. कसे ते सांगतो.

बँकांच्या यांत्रिकीकरणावर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ साली आला. तेव्हा मी बालवाडीत होतो. पुढे मी दहावी झालो, बी. कॉम. झालो, २००२ साली नोकरीला लागलो, आणि शाखेत येऊन पाहतो तो काय, अहवालसुद्धा नुकताच पोचत होता! २००६ साली आमची सगळी खाती मध्यवर्ती संगणकावर गेली. त्याआधी आम्हाला दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. पहिल्या दिवशी यंत्र चालू कसे करायचे ते शिकवले, दुसऱ्या दिवशी बंद कसे करायचे ते. मधल्या वेळात काय करायचे हे ज्याचे त्याने पाहायचे होते.

ते पाहण्यासाठीच शहरातल्या अकरा शाखांच्या कर्मचाऱ्यांनी मिळून ‘संगणक मित्रमंडळ’ काढले. मराठी माणसाने मंडळ काढले की घटना आणि मुखपत्र या दोन गोष्टी आपोआप होतात. आमचे मुखपत्र ‘कळफलक’. त्यात ‘व्याजाची नोंद दोनदा पडल्यास घाबरू नये’, ‘पडदा निळा झाल्यास काय करावे’ असे उद्बोधक लेख असत. (पडदा निळा झाल्यास साहेबांना बोलावून त्यांच्या हाताने एक कळ दाबून घ्यावी, म्हणजे पुढची जबाबदारी आपल्यावर राहत नाही.) कविता करणारे एक सहकारी संपादक झाले. मला कविता येत नसल्यामुळे वितरण माझ्याकडे आले.

वितरण सोपे होते. दोन कागद, चार बाजू, बाजूला पन्नास पैसे. म्हणजे प्रत दोन रुपयांना. सभासद दोनशे चौदा. चारशे अठ्ठावीस रुपयांत अंक छापून व्हायचा आणि आमचे शिपाईमामा टपालाच्या थैलीतून तो शाखाशाखांत पोचवायचे. मामांची पद्धत अशी, की अंक टेबलावर टाकून ते पुढे जात नसत. समोर उभे राहत. वाचणाऱ्याचा चेहरा बघत. मग संध्याकाळी येऊन मला अहवाल देत. “मार्केट शाखेतल्या बाई हसल्या. स्टेशन रोडवाले म्हणाले, तिसऱ्या पानावरची कळ दाबली तर यंत्रच बंद पडतं. आणि हेडकॅशियरसाहेबांनी हे दिलंय.”

हेडकॅशियरसाहेबांनी दिलेले ‘हे’ म्हणजे आमचाच अंक असे, लाल पेन्सिलीने रंगवलेला. चाळीस वर्षे नोटा मोजून त्यांच्या नजरेला अशी सवय लागली होती, की चूक त्यांना शोधावी लागत नसे. चूकच पुढे येऊन उभी राही. ऱ्हस्व-दीर्घ, बेरजा, पानांचे क्रमांक, काहीही सुटत नसे. एकदा त्यांनी ‘शुभेच्छांसह’ या शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिले होते, ‘कोणाच्या? सही नाही.’ संपादक-कवी चिडायचे. मी मात्र तो अंक पोच म्हणून फायलीला लावायचो.

सन २०१० मध्ये कागद वाचवण्याचे परिपत्रक आले. परिपत्रक सहा पानी होते आणि प्रत्येक शाखेला त्याच्या तीन प्रती आल्या होत्या. मंडळाची सभा भरली आणि ‘कळफलक’ यापुढे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात वाटावा असा ठराव झाला. संगणकाविषयीचे मासिक संगणकावर यावे, यात खरे म्हणजे ठराव करण्यासारखे काही नव्हते. वर्षाचे हजारो रुपये वाचतील असे मीच फळ्यावर मांडून दाखवले. टाळ्या पडल्या. मी जन्मात पहिल्यांदाच काहीतरी वाचवत होतो.

पहिला इलेक्ट्रॉनिक अंक मी ई-मेलने अकरा शाखांना धाडला आणि तासाभरात फोन सुरू झाले. आमच्या यंत्रातला मराठी टंक त्यांच्या यंत्रांत नव्हता. त्यामुळे माझ्याकडे जिथे ‘सप्रेम नमस्कार’ होता तिथे त्यांना डॉलरची खूण, दोन इंग्रजी अक्षरे, एक टक्का आणि शेवटी उद्गारचिन्ह दिसत होते. एका शाखाधिकाऱ्यांना तो व्हायरस वाटला आणि त्यांनी यंत्राची वायर उपटली. दुसरे एक वडीलधारे अधिकारी तारेने पैसे पाठवण्याच्या जमान्यातले होते. त्यांना तो गुप्त संकेत वाटला आणि ते दुपारभर जुने कोडबुक शोधत बसले. मार्केट शाखेतल्या बाई मात्र म्हणाल्या, “या वेळची कविता समजायला सोपी आहे.”

अशी फजिती झाली की शहाणा माणूस गप्प बसतो. मी इतिहास वाचायला लागलो. आपल्याआधी आणखी कोण कोण फसले हे समजले, की मनाला जो दिलासा मिळतो तो ज्ञानेश्वरीखालोखाल समजावा.

तर वाचकहो, घरगुती संगणकांच्या मंडळांचा आदिपुरुष म्हणजे कॅलिफोर्नियातले होमब्रू कॉम्प्युटर क्लब. त्याची पहिली सभा ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये भरली आणि दहा दिवसांतच त्यांचे वार्तापत्र निघाले! मला भरून आले. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच. यंत्र बनायचे असते, पण मुखपत्र आधी निघते. ते काढणारे फ्रेड मूर हे क्लबच्या जन्मदात्यांपैकीच एक. म्हणजे भविष्यकाळातल्या यंत्राची बातमी कागदावर छापून, तिकीट लावून, पोस्टमनच्या खांद्यावरून हिंडत होती. जगातले नवीनतम यंत्र जगातल्या जुन्या थैलीत बसून प्रवासाला निघाले होते.

ही विसंगती लोकांना टोचू लागली. १९७८ साली कॅलिफोर्नियातच ‘सीलोड’ नावाचे मासिक कॅसेटवर निघाले. टीआरएस-८० नावाच्या यंत्रासाठी. आपण ज्या कॅसेटवर नाट्यगीते ऐकली तसलीच ही कॅसेट. टेपरेकॉर्डर यंत्राला जोडायचा, कळ दाबायची आणि किरकिर आवाजात मासिक आत शिरायचे. नंतर १९८१ साली लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट गावी ‘सॉफ्टडिस्क’ निघाले, फ्लॉपीवरचे मासिक. तबकडी तेव्हा महाग होती. म्हणून सुरुवातीला नियम असा, की वाचून झाल्यावर ती परत पाठवायची, तेव्हा पुढचा अंक मिळायचा. दुधाची रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली नाही, तसेच हे! पण त्यात एक गंमत होती. परत जाणाऱ्या तबकडीवर वाचकाला आपले म्हणणेही धाडता येई. म्हणजे रिकामी बाटली रिकामी जात नसे. तबकडी स्वस्त झाली आणि ती परत मागणे बंद झाले. स्वस्ताईने काय काय महाग पडते याचा हिशेब कॉमर्समध्ये शिकवत नाहीत.

आता शिकागोला येऊ.

शिकागोतही हौशी मंडळींचा एक क्लब होता. त्याचे लांबलचक नाव आद्याक्षरांनी आखडून ‘कॅशे’ झाले होते. त्याचे सभासद वॉर्ड क्रिस्टनसेन आणि रँडी स्यूस. क्रिस्टनसेन आयबीएम कंपनीत नोकरीला. ते घरी येऊन हौसेने प्रोग्राम लिहीत. स्यूस हातात पकड घेऊन यंत्रे जुळवणारे. क्लबला वार्तापत्र होते आणि वार्तापत्राचे दुखणे जगभर एकच असते, मजकूर वेळेवर येत नाही. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत प्रचंड बर्फ पडले. रस्ते बंद. क्रिस्टनसेन घरात अडकले. आपल्याकडे पावसाने लोकल बंद पडली, की माणूस कांदाभजी मागतो. या गृहस्थाला कल्पना सुचली, की एक संगणक टेलिफोनला जोडून ठेवावा. सभासदांनी आपापल्या घरून फोन करून त्यात लेख आणि निरोप टाकावेत. मजकूर गोळा करायला कुणाच्या दारी जायला नको.

त्यांनी स्यूसना फोन केला आणि क्लबतर्फे हे काम करू असे सुचवले. इथे स्यूस जे बोलले त्यासाठी त्यांचा पुतळा प्रत्येक सहकारी गृहरचना संस्थेच्या आवारात उभारला पाहिजे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की क्लबकडे गेले तर समिती नेमली जाईल आणि समितीकडे गेले की ते कधीच होणार नाही. आपण दोघेच करू. तू प्रोग्राम लिही, मी यंत्र जोडतो.

दोन आठवड्यांत काम झाले! पण दोन आठवड्यांत झाले म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून त्यांनी ‘एक महिना लागला’ असे सांगायचे ठरवले आणि १६ फेब्रुवारी १९७८ ही जन्मतारीख मुक्रर झाली. काम उशिरा करून लवकर केले असे दाखवणारे मी असंख्य पाहिले आहेत, त्यांत मीही आहे. लवकर करून उशिरा केले म्हणणारे हे दोघेच.

यंत्र ठेवले स्यूस यांच्या तळघरात, कारण ते खुद्द शहरात राहत आणि क्रिस्टनसेन उपनगरात. शहरात यंत्र असले, की बहुतेक सभासदांना ट्रंक कॉलचे पैसे पडणार नाहीत. पहा, सगळ्या क्रांत्यांच्या मुळाशी टेलिफोनचे बिल असते. फोनची घंटा वाजली की यंत्र झोपेतून उठल्यासारखे नव्याने सुरू व्हायचे. लाइन एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस. त्याचे झाले की दुसऱ्याने यायचे, थेट आमच्या काउंटरसारखे. वेग सेकंदाला फार तर तीस अक्षरे. आमच्या ‘कळफलक’च्या आकाराचा, वीस हजार अक्षरांचा अंक यायला अकरा मिनिटे लागली असती. अकरा मिनिटांत मामा दोन शाखा करून एक चहा घेत.

या व्यवस्थेला नाव दिले ‘संगणकीय फलक’, इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीबीएस. क्लबच्या भिंतीवर बुचाचा फळा असतो, त्यावर टाचणीने ‘पुढच्या सभेला मला कोणी गाडीतून नेईल का?’ अशा चिठ्ठ्या लावतात, तोच हा फळा, फक्त तारेच्या टोकाला टांगलेला. आणि मग जे व्हायचे ते झाले. लोकांनी वार्तापत्रासाठी लेख टाकण्याऐवजी एकमेकांना उत्तरे द्यायला सुरुवात केली. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे, तिसऱ्याने दोघांचे चुकते आहे म्हणायचे. छापील अंकाची वाट कोण बघणार? मजकूर गोळा करायला ठेवलेली पेटी हेच मासिक झाले. जो वाचक तोच लेखक, तोच संपादक, तोच तक्रारखोर. १९७८ च्या नोव्हेंबरात दोघांनी ‘बाइट’ मासिकात या सगळ्याची कृती छापली, म्हणजे पुन्हा कागदच कामाला आला, आणि गावोगावी तसे फलक उभे राहिले. त्या एका टेलिफोनवर पुढे वर्षानुवर्षे मिळून अडीच लाखांहून अधिक फोन आले. स्यूस २०१९ साली गेले, क्रिस्टनसेन २०२४ साली. एवढ्या माणसांना बोलते करून दोघांनीही फारसा गाजावाजा केला नाही.

पण मला क्रिस्टनसेन यांच्या ज्या करामतीने खिशात टाकले ती याच्याही आधीची, १९७७ ची. तिला पुढे ‘एक्समोडेम’ म्हणू लागले. टेलिफोनच्या तारेत खरखर असते. मजकूर पाठवला तर वाटेत अक्षर बिघडते. यावर त्यांचा उपाय वाचताना मी खुर्चीत उठून बसलो, कारण तो शंभर टक्के कॅशियरचा उपाय होता. मजकुराची एकशे अठ्ठावीस अक्षरांची बंडले करायची. प्रत्येक बंडलावर अनुक्रमांक घालायचा. प्रत्येक अक्षराला संगणकात एक आकडा असतोच. बंडलातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून चिठ्ठी मागे लावायची. घेणाऱ्याने स्वतः मोजायचे. जुळले तर ‘मिळाले’ म्हणायचे, न जुळले तर ‘परत पाठव’. आणि ‘मिळाले’ आल्याशिवाय देणाऱ्याने पुढचे बंडल पुढे सरकवायचे नाही. इतकेच काय, घेणाऱ्याने ‘मी तयार आहे’ अशी खूण केल्याशिवाय पहिले बंडलसुद्धा निघत नाही. शेवटी ‘संपले’ म्हटले तरी त्यालाही ‘मिळाले’ यावे लागते. हे करून त्यांनी तो प्रोग्राम लोकांना फुकट वाटला. तो सगळीकडे पसरला, कारण तो साधा होता आणि त्याला पोच होती.

त्यानंतरची गोष्ट भरभर सांगतो. १९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी असे गावोगावचे फलक एकमेकांना जोडून ‘फिडोनेट’ उभे केले. यंत्रे रात्री एकमेकांना फोन करत, कारण रात्री दर कमी. आपण एसटीडी बूथवर रात्री उशिरा रांग लावायचो ना, तेच. तिथे रांगेत यंत्रे उभी असत. त्या वर्षाच्या डिसेंबरात ‘फिडोन्यूज’ हे त्यांचे वार्तापत्र सुरू झाले आणि ते या गावाच्या यंत्राकडून त्या गावाच्या यंत्राकडे, हातोहात, झोपलेल्या माणसांच्या घरांतून पसरू लागले. १९९३ साली अडोबी कंपनीने पीडीएफ आणले. त्यात टंक पानाच्या पोटातच बांधून देता येतो, म्हणून पान कुठेही उघडा, तसेच दिसते. आधी ते वाचायच्या प्रोग्रामलाही पैसे पडत, मग तो फुकट झाला. आणि युनिकोड नावाच्या सर्व लिप्यांच्या जागतिक खतावणीत देवनागरीला १९९१ सालीच खाते उघडून मिळाले होते. आमच्या शाखेत ते वापरात यायला आणखी वीस वर्षे गेली. खाते उघडले तरी पासबुक मिळायला वेळ लागतोच.

आम्हीही शेवटी पीडीएफकडे वळलो. अंक जसाच्या तसा दिसू लागला. निवृत्त सभासदांसाठी मात्र मी शाखेत छापून प्रती काढत असे आणि मामा त्या घरोघर देत. २०१६ साली मामाही निवृत्त झाले आणि मग आम्ही सगळ्यांचाच अंक मोबाइलच्या गटावर टाकायचे ठरवले. मला आठवतो तो क्षण. अंगठा दाबला आणि दोनशे चौदा प्रती एका झटक्यात गेल्या. ना थैली, ना तिकीट, ना खर्च. नावापुढे दोन-दोन बरोबरच्या खुणा उमटल्या. मी कॉलर ताठ केली. जगाच्या इतिहासात इतके स्वस्त आणि जलद वितरण करणारा कारकून झाला नसेल.

फक्त एक गोष्ट झाली. कोणी काही बोलेना. दोन बायांनी अंगठा दाखवला, एकाने फुलांचा गुच्छ, आणि एकाने चुकून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तिसऱ्या पानावरची कळ चुकली आहे हे कोणी सांगितले नाही. मी समजलो, चुका संपल्या.

याच सुमारास एक पोस्टकार्ड आले होते. शेवटच्या छापील अंकातल्या सात चुका, लाल शाईत, क्रमांक घालून. हेडकॅशियरसाहेबांचे अक्षर. ते २०१२ साली निवृत्त झाले होते, पण लाल रंग निवृत्त झाला नव्हता. मी हसलो. आता अंक कागदावर निघत नव्हता, जुन्या चुका दुरुस्त कुठे करणार? कार्ड ड्रॉवरमध्ये टाकले आणि विसरलो.

नोव्हेंबर महिना बँकेत पेन्शनरांचा. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारला आणि बँकेला माणसाची वर्षातून एकदा पोच लागते. २०१८ च्या नोव्हेंबरात हेडकॅशियरसाहेब काठी टेकत काउंटरवर आले. मी उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. दाखल्यावर सही करताना त्यांनी माझ्याकडून भरला गेलेला वर्षाचा आकडा दुरुस्त केला. मी आपला सहज विचारले, “काका, अंक मिळतो ना?”

“कुठला अंक?”

“कळफलक. दर महिन्याला टाकतो की गटावर. तुमच्या नावापुढे दोन खुणा येतात.”

त्यांनी खिशातून फोन काढला. बटणांचा, रबरी कव्हरवाला. त्यावर फोन येत होता आणि जात होता, एवढेच. मी यादी काढून पाहिली. त्यांच्या नावापुढे मी जो नंबर घातला होता तो त्यांच्या मुलाचा. मुलगा बंगळुरूला. दोन वर्षे आमचा ‘कळफलक’ बंगळुरूच्या एका गृहस्थाच्या खिशात बिनचूक पोचत होता आणि त्याची खूण मला इथे मिळत होती.

“म्हणजे बंद नाही झाला,” ते म्हणाले. मग चहाचा कप बशीत ठेवून, माझ्याकडे न बघता, “मी कार्ड टाकलं होतं. उत्तर नाही आलं. मला वाटलं, फार चुका काढतो म्हणून तुम्ही लोकांनी मला कमी केलं.”

काउंटरवर अठरा माणसे उभी होती. टोकन नंबर पुकारायचा होता. मला दोन मिनिटे नंबरच दिसेना. बँकेत वीस हजारांची तूट आली तर काय करायचे हे मला पाठ आहे. ही तूट कुठल्या खात्यात घालायची ते कुठल्याच परिपत्रकात नव्हते.

त्या रात्री सौभाग्यवतींना ही हकिकत सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पाचव्यांदा, म्हणजे त्या महिन्याची सरासरी बिघडवून, विचारले, “तुम्हाला काही पोच आहे का?” या खेपेला मी गप्प बसलो नाही. म्हणालो, “नाही. माझ्याकडे नुसती जावक होती.”

शिकागोच्या गृहस्थांना बर्फात अडकून जे कळले ते मला सगळे रस्ते मोकळे असताना कळले नाही. अंक धाडणे हे अर्धे काम. आपल्याला वाटते वितरण म्हणजे प्रती पोचवणे. मामांना ठाऊक होते, की वितरण म्हणजे परत येताना काहीतरी घेऊन येणे. ज्याने ‘परत पाठव, चुकले आहे’ म्हटले तो आपला वाचक. मुलाच्या खिशातल्या दोन खुणांना एक्समोडेमने मुळीच ‘मिळाले’ मानले नसते. उत्तर येईपर्यंत ते बिचारे थांबून राहिले असते.

आता गटावर अंक टाकला की मी यादी घेऊन बसतो आणि ज्यांचे काहीच आले नाही त्यांना एकेक करून फोन लावतो. “अंक मिळाला का?” असे विचारले की पहिले वाक्य अंकाविषयी असते आणि पुढची पंधरा मिनिटे गुडघ्यांविषयी. अकरा शाखांत मिळून सात माणसांना कागदच लागतो. त्यांच्या प्रती मी अजून छापतो. खर्च मी फळ्यावर मांडत नाही. हेडकॅशियरसाहेबांची प्रत मी स्वतः नेऊन देतो आणि मामांसारखा समोर उभा राहतो. काकू चहा करतात. लाल पेन्सिल चालते.

गेल्या महिन्याच्या अंकात मी ही शिकागोची हकिकतच लिहिली होती. परवा तो अंक परत आला. वीस हजार अक्षरे, सेकंदाला तीस, याच्याखाली रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात भागाकार मांडलेला होता. शेजारी लिहिले होते :

‘११ मिनिटे ७ सेकंद होतात. आपण ११ मिनिटेच दाखवली आहेत. ७ सेकंद कोणत्या खात्यात टाकले ते कळवावे. सही.’

पोच म्हणून फायलीला लावले आहे. त्याआधी उत्तर मात्र धाडले.